फुलपाखरांचे घर आणि माळ्याचा पगार

सार्वजनिक बागेत फुलपाखरांसाठी एखादे घर उभारावे, निदान एक कोपरा राखावा, ही कल्पना अलीकडे महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या सभागृहांत वारंवार मांडली जाऊ लागली आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. पुढे ‘नीलवंत’ हे मराठी नावही त्याला मिळाले. फुलपाखराला कोणाचा विरोध नसतो. त्यामुळे असा ठराव बहुधा एकमताने मंजूर होतो आणि एकमताने मंजूर झालेल्या ठरावांची चिकित्सा करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. वस्तुतः ती येथेच करणे आवश्यक असते.

पुरोगामी कार्यकर्त्यांत या प्रश्नावर एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते. ज्या मुलखात प्यायला पाणी नाही आणि तरण्या हातांना काम नाही तेथे हे चोचले कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नामागील तळमळ खरी असली तरी त्यातील तर्क सदोष आहे. गरिबाला फक्त भाकरी हवी असते आणि सौंदर्याची भूक श्रीमंताची, असे गृहीत धरणे म्हणजे विषमतेचेच एक सूत्र मान्य करणे होय. सार्वजनिक बाग ही आपल्या समाजातील थोड्या खऱ्याखुऱ्या समतावादी संस्थांपैकी एक आहे. तेथे जात विचारली जात नाही, आणि खरे तर खिसाही विचारला जाऊ नये. तेव्हा प्रश्न फुलपाखरे हवीत की नकोत, असा नाही. ती कोणाच्या श्रमावर, कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी, असा प्रश्न आहे. आणि तो मुंबई-पुण्याकडून न पाहता वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावाकडून पाहिला, तर त्याचे स्वरूप बरेच स्पष्ट होते.

फुलपाखरांचे बंदिस्त काचघर ही मुळात थंड मुलखातील कल्पना. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावर टोमॅटो पिकवण्यासाठी काचगृहे उभी होती. १९७०च्या दशकात तेथे अशा काचगृहात उष्ण कटिबंधातील फुलपाखरे सोडून लोकांना दाखवण्याचा प्रयोग झाला. पुढे १९८१ साली लंडनच्या सायन पार्कमध्ये आणि नंतर युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी अशी घरे निघाली. बाहेर बर्फ असताना आत ऊब ठेवणे हा त्या काचेचा हेतू होता. तीच काच विदर्भात आणून बसवली की उन्हाळ्यात तिची भट्टी होते. मग तुषार, पंखे, सावलीचे कापड, वीज आणि पाणी असा खर्चाचा डोंगर वाढतो. ज्या भागात उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते, तेथे ओलावा राखण्यासाठी यंत्रे चालवणे हे निव्वळ अनुकरण ठरेल.

आपल्या देशातही मोठी उदाहरणे आहेत. बंगळूरजवळ बन्नेरघट्टा येथे २००६ साली घुमटाकार छताचे फुलपाखरू उद्यान सुरू झाले. तमिळनाडूत श्रीरंगमजवळ कावेरी आणि कोळ्ळिडम या नद्यांच्या परिसरात वनखात्याने २०१५ साली विस्तीर्ण फुलपाखरू उद्यान खुले केले. याउलट ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरातील ओवळेकर वाडीत एका कुटुंबाने आपल्या शेतजमिनीवर जाळीही नाही आणि काचही नाही अशी उघडी बाग केली. फुलपाखरे तेथे आपण होऊन येतात. हा फरक केवळ रचनेचा नाही, तर त्यामागे खर्चाचे दोन निरनिराळे हिशेब आहेत.

तो हिशेब समजण्यासाठी फुलपाखराचा जीवनक्रम ध्यानात घ्यावा लागतो. अंडी, अळी, कोश आणि पंखवाला कीटक अशा चार अवस्थांतून ते जाते. बहुतेक जातींचा पंख फुटल्यानंतरचा काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो. अळीचे खाणे ठरलेले असते. प्रत्येक जात विशिष्ट वनस्पतींवरच अंडी घालते. लिंबू, बेल, कढीपत्ता यांवर एक कुळी वाढते, रुईवर दुसरी. तरोटा आणि बहावा यांवर पिवळी-पांढरी फुलपाखरे वाढतात. बोरीवर काळ्या ठिपक्यांचे एक लहानसे पांढरे फुलपाखरू वाढते, तर विदर्भाच्या जंगलातील तेंदूच्या पानांवर तांबूस पंखांचे. रंगीत विलायती फुलांचे ताटवे लावले तर फुलपाखरू क्षणभर मध पिऊन निघून जाईल. त्याने तेथे राहावे, वंश वाढवावा, असे वाटत असेल तर अळीच्या पोटाची सोय करावी लागते. फुलपाखरांचे घर म्हणजे आधी अळ्यांचे स्वयंपाकघर होय.

आता एक साधे गणित मांडून पाहावे. असे धरू की एखाद्या जाळीघरात प्रेक्षकांना एका वेळी ३०० फुलपाखरे दिसली पाहिजेत आणि प्रत्येकाचे आयुष्य सरासरी १५ दिवसांचे आहे. तर ती संख्या टिकवण्यासाठी रोज २० नवी फुलपाखरे कोशातून बाहेर पडावी लागतील, म्हणजे वर्षाला ७,३००. त्यासाठी शेकडो अळ्या सदैव पोसाव्या लागतील. त्यांना रोज ताजा पाला लागेल, रविवारीही आणि दिवाळीच्या दिवशीही. मुंग्या, कोळी आणि रोग यांपासून त्यांना जपावे लागेल. हे काम यंत्र करीत नाही. हे काम कुशल माळी करतो. घर एकदा बांधले जाते, पण फुलपाखरे दर पंधरवड्याला नव्याने घडवावी लागतात. म्हणजे या घरातील खरी गुंतवणूक काच आणि लोखंड नसून माणसाचे रोजचे श्रम आहेत.

आणि नेमक्या याच खर्चाला आपल्या सार्वजनिक अर्थव्यवहारात कोणी वाली नसतो. भांडवली खर्चाला पायाभरणी असते, कोनशिला असते, कंत्राट असते आणि कंत्राटामागून येणारे सर्व काही असते. महसुली खर्चाला, म्हणजे पगार, पाणी, खत, देखभाल यांना, फीत कापण्याचा समारंभ नसतो. १९९३ साली सुरू झालेल्या खासदार स्थानिक विकास निधीचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या नियमांचा सारा रोख टिकाऊ मत्ता उभारण्यावर आहे. आवर्ती खर्च त्यातून करता येत नाही. तो खर्च स्थानिक संस्थेने पाहावा, अशी त्यात अपेक्षा असते. स्थानिक संस्थेची तिजोरी रिकामी असते. परिणामी बागेची देखभाल कमीत कमी दराच्या निविदेने ठेकेदाराकडे जाते, ठेकेदार कमीत कमी माणसे ठेवतो, आणि कायम माळ्याची जागा निवृत्तीनंतर भरलीच जात नाही. झाडाची ओळख असणारा जुना माळी जातो आणि त्याच्या जागी आज येथे, उद्या रस्त्याच्या दुभाजकावर राबणारा कंत्राटी मजूर येतो. त्याला अळी दिसली तर तो ती मारतो, कारण रोपाची पाने कुरतडलेली दिसली की त्यालाच बोलणी खावी लागतात. अशा बागेत पहिल्या वर्षी फुलपाखरांची छायाचित्रे निघतील आणि तिसऱ्या वर्षी फाटकी जाळी उरेल. यात निसर्गाचा दोष नसेल. तो दोष अंदाजपत्रकाच्या रचनेचा असेल.

खर्च वाढला की तिकीट वाढते, हा दुसरा धोका. मुंबईची राणीची बाग १८६२ पासून लोकांची आहे. गिरणगावातल्या कुटुंबांची ती पिढ्यान् पिढ्यांची सहलीची जागा होती. २०१६ साली तेथे पेंग्विन आणले गेले आणि २०१७ साली मोठ्यांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलतीची सोय ठेवली गेली हे खरे. परंतु ज्या मजुराच्या घरात चार मुले आणि एक म्हातारी आई असते, त्याच्या हिशेबात ती सोय अपुरी पडते. बंदिस्त, थंडगार आणि परदेशी प्रदर्शन आले की त्याचा चालू खर्च कोणीतरी भरावा लागतो, आणि तो बागेच्या दारात वसूल होतो. फुलपाखरांच्या नावाने ही वाट पुन्हा चोखाळली जाऊ नये, यासाठी कार्यकर्त्यांनी जागरूक राहिले पाहिजे.

आता केनवडकडे वळावे. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या १८ विषयांमध्ये उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ७३व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत, पण त्यांत बाग नाही. सामाजिक वनीकरण आहे, गौण वनोपज आहे, शेवटी सामुदायिक मत्तेची देखभाल आहे, परंतु बाग ही शहराची चीज मानली गेली. खेड्याला शेत आहे, रान आहे, मग बाग कशाला, असा त्यामागचा समज असावा. १९९२ साली हा समज निदान अर्धा खरा होता. आज तो खरा राहिलेला नाही.

केनवडच्या परिसरात, पश्चिम विदर्भातील बहुतेक काळ्या मातीच्या गावांप्रमाणे, खरिपात सोयाबीन आणि तूर हीच मुख्य पिके. रान म्हणजे जे काही उरते ते शेताचे धुरे, पांदण, नाल्याचा काठ, आणि वऱ्हाडात ज्याला ई-क्लास म्हणतात ते गायरान. तरोटा, रुई, बोर, घोळ, चिवळ, रानतुळस यांची वस्ती येथेच. अळ्यांची स्वयंपाकघरे हीच. एक-एक करून ती आकसत आहेत. नांगर ट्रॅक्टरचा झाला तसा धुरा अरुंद झाला. पांदणी रुंद करताना दोन्हीकडची झुडपे गेली. आणि निंदणाच्या जागी तणनाशक आले.

या शेवटच्या बदलाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. निंदण हे प्रामुख्याने मजूर स्त्रियांचे काम. पावसाळ्याच्या ऐन अडचणीच्या दिवसांत त्यांना त्यातून रोजी मिळत असे. निंदताना काढलेला कोवळा तरोटा, घोळ, चिवळ ओटीत घालून त्या घरी नेत आणि संध्याकाळी त्याचीच भाजी होई. तणनाशकाने एका फवाऱ्यात तीन गोष्टी नेल्या: बाईची रोजी, तिच्या चुलीवरची भाजी आणि अळीचा चारा. पहिल्या दोहोंची नोंद अर्थशास्त्रात निदान तळटीप म्हणून तरी होते. तिसरीची कोठेच होत नाही. पण ज्या कारणाने फुलपाखरू नाहीसे होते, त्याच कारणाने मजूर स्त्रीचा पावसाळा कोरडा जातो, हे एकदा लक्षात आले म्हणजे फुलपाखरांचा प्रश्न चैनीचा उरत नाही.

फवारणीचे तर विचारायलाच नको. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर विषारी कीटकनाशके फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, शेकडो जणांना इस्पितळात दाखल व्हावे लागले. जे विष अळीला पानावर मारते तेच पाठीवर पंप घेतलेल्या मजुराच्या त्वचेतून आणि श्वासातून आत शिरते. शहराच्या बागेत फुलपाखरासाठी जाळीघर आणि गावाच्या शेतात मजुरासाठी साधा हातमोजाही नाही, ही आपल्या विकासाची विसंगती आहे.

येथे शेतकरी एक रास्त आक्षेप घेईल. फुलपाखराचे कौतुक करणाऱ्यांनी अळीचे नुकसान सोसले आहे काय, असे तो विचारील. आक्षेप खरा आहे. लिंबावरचे सुंदर ठिपकेदार फुलपाखरू संत्र्याच्या रोपवाटिकेत कीड ठरते. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांमध्येही एक अळी इवल्या निळ्या फुलपाखराची असते. कर्जाने पेरणी केलेल्या माणसाला निसर्गप्रेमाचे उपदेश करणे हा दांभिकपणा होईल. परंतु शेताचे सर्वांत मोठे शत्रू, म्हणजे बोंडअळी आणि घाटेअळी, या पतंगांच्या अळ्या आहेत. रुई, तरोटा आणि बोर खाणाऱ्या असंख्य अळ्या पिकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. शिवाय धुऱ्यावरची झुडपे ही पक्ष्यांची, कोळ्यांची आणि अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांचीही वस्ती असते. तेव्हा मागणी पिकावरची अळी सोडून देण्याची नाही. जी जमीन पिकाची नाही, तेथे विष पोचू नये, एवढीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गायरान राखायचे म्हणजे त्यावर कसून खाणाऱ्या भूमिहीनाला उठवायचे काय? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक आणि सरकारी जमिनीवरील हक्काचीच मागणी होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, तेव्हाही भूमिहीनांना पूर्वी रीतसर दिलेल्या जमिनींसारख्या बाबींचा अपवाद ठेवला होता. फुलपाखरांच्या नावाने दोन एकरांवर पोट भरणाऱ्या दलित कुटुंबाला हुसकावणे आणि त्याच वेळी धनदांडग्याने धुरा सरकवत गिळलेली पांदण तशीच सोडणे, याला निसर्गरक्षण म्हणता येणार नाही. राखायची जमीन आधी बलदंडांच्या ताब्यातून सोडवली पाहिजे. तशी ती प्रत्येक गावात सापडते.

या सगळ्यावरून एखाद्याला वाटेल की सार्वजनिक जागेत फुलपाखरांचे घर यशस्वी होणे अशक्यच आहे. तसे नाही. मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. १९७७पर्यंत तेथे कचरा पडत होता. १९८३ साली डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लावले गेले आणि १९९४ साली ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांना खुले झाले. तेथे काचेचा घुमट आधी उभारला नाही. आधी माती तयार केली, मग देशी झाडे लावली, आणि माणसांनी ती वर्षानुवर्षे जगवली. फुलपाखरे त्यामागून आली. उकिरड्यावर जे झाले ते केनवडच्या ई-क्लास जमिनीवर होणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

जगातील आणखी एक अनुभव उपयोगी आहे. केनियातील अराबुको-सोकोके जंगलाच्या काठच्या गावकऱ्यांनी १९९३पासून ‘किपेपेओ’ या प्रकल्पात फुलपाखरांचे कोश तयार करून परदेशांतील प्रदर्शनगृहांना विकण्यास सुरुवात केली. आधी जंगल तोडून शेती करू द्या म्हणणारे लोक त्या उत्पन्नामुळे जंगलाच्या बाजूचे झाले. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अनेक फुलपाखरे संरक्षित आहेत, त्यामुळे असा व्यापार येथे जसाच्या तसा आणता येणार नाही आणि आणूही नये. लंडनच्या प्रेक्षकाच्या लहरीवर केनवडची रोजी अवलंबून राहणे हेही काही स्वावलंबन नव्हे. परंतु त्यातील मूळ तत्त्व घेण्याजोगे आहे. ज्या लोकांच्या श्रमावर निसर्ग टिकतो, त्यांना त्या श्रमाचे मोल मिळाले तरच तो टिकतो.

मग मागण्या कोणत्या कराव्यात? शहरात जेथे फुलपाखरू उद्यानाचा ठराव येईल तेथे कार्यकर्त्यांनी त्याला विरोध करू नये. पण चार अटी घालाव्यात. पहिली, इमारतीच्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी माळ्यांच्या कायम जागा आणि त्यांचे पगार अंदाजपत्रकात दाखवले जावेत. दुसरी, काच आणि यंत्रे यांऐवजी सावली, ओली माती आणि अळ्यांच्या खाद्यवनस्पती यांवर भर असावा. तिसरी, बागेच्या प्रवेशशुल्कात एक पैशाचीही वाढ होऊ नये आणि जिल्हा परिषद व नगरपालिका शाळांच्या मुलांना प्रवेश विनामूल्य असावा. चौथी, संपूर्ण बागेत कीटकनाशकांची फवारणी बंद व्हावी.

केनवडसारख्या गावासाठी मागणी याहूनही साधी आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि गावाची लोकनोंदवही तयार व्हावी अशी तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही कंत्राटाने लिहून घेतली जाते आणि कपाटात पडते. ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी करावी. गावात तरोटा कोठे उगवतो, बोरी कोठे उरल्या, चिवळ कोणत्या नाल्याला मिळते, हे ज्या निंदणाऱ्या बायांना ठाऊक आहे त्यांची नावे त्या समितीत असावीत. एखादा एकर ई-क्लास, पांदणीची एक बाजू आणि शाळेच्या कुंपणालगतची पट्टी एवढी जागा विषमुक्त ठेवावी, आणि तिची राखण करणाऱ्या दोघा-तिघांना बारमाही मजुरी मिळावी. १९७२च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. खडी फोडणे हेच तेवढे उत्पादक काम, आणि झुडूप जगवणे हे काम नव्हे, असे त्या कल्पनेत कोठेही म्हटलेले नाही.

असे झाले तर केनवडच्या मुलाला फुलपाखरू पाहण्यासाठी तिकीट काढून शहरात जावे लागणार नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत, शाळा भरलेली असताना, ते शाळेच्या कुंपणावरच भेटेल. अळीपासून पंखापर्यंतचा प्रवास त्याला पुस्तकातील चित्राऐवजी रुईच्या पानावर दिसेल. आणि त्या पट्टीची राखण करणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला मजुरी मिळत असेल. उद्घाटनाची फीत कापायला पाहुणे आले नाहीत तरी चालेल. माळ्याचा पगार वेळेवर आला पाहिजे.